पालकाच्या रकान्यातली बहीण

लेकीच्या कॉलेज-प्रवेशासाठी जातीचा दाखला हवा होता. त्यासाठी आमचं घराणं याच जिल्ह्यातलं असल्याचा जुना पुरावा लागणार होता. आमची मुळं विदर्भातली; सीमेपलीकडे इथे बालाघाट जिल्ह्यात पिढ्या गेल्या, पण नावावर कधी शेत नव्हतं, म्हणून तहसीलच्या कागदांत आम्ही कुठेच नव्हतो. मुदत दोन आठवड्यांवर आली होती.

मी सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, समोर बसवून वंशवृक्ष काढला. त्यांच्या वडिलांच्या, म्हणजे आमच्या आजोबांच्या, थोरल्या बहिणीपाशी ते थांबले.

"आत्याचं लग्न नाही झालं. तिच्या पुढं कोनी नाही. तिले कायले लिहितं?"

आमच्याकडे असंच चालतं. जिच्याखाली रेघ ओढायची नाही, तिचं नाव घालायचं नाही. मीही घातलं नाही.

मग आजोबांच्या गावच्या, किरनापूरच्या शाळेत दोन फेऱ्या मारून जुनं प्रवेशाचं रजिस्टर उघडायला लावलं. आजोबा सापडले, गाव, जात, सगळं होतं. त्या पानाची प्रमाणित छायाप्रत घेऊन मी थेट बालाघाटचं ऑफिस गाठलं.

खिडकीतल्या बाबूने दोन्ही कागद वाचले आणि परत सरकवले.

"मैडम, पालक के खाने में ये महिला कौन है? आपके पेड़ में तो है ही नहीं."

तो रकाना मी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचला. नातं: बहीण. धंदा: मजुरी. खाली अंगठा.

घरी येऊन बाबांना विचारलं, "आजोबाले शाळेत तुमच्या आत्यानं टाकलं?"

"हौ. मायबाप गेल्ते. समदे म्हने, पोराले तिकडं विदर्भात मामाकडे धाडून दे. आत्या म्हने, इथंच शिकन. दोनदा पाहुने आल्ते तिले पाहाले. भावाले संग घेत असान तं येतो, आत्या म्हने. कोनी तयार होईना."

"मंग हे आधी काहून नाही सांगितलं?"

"तू रेघा वढून राह्यलती. इचारलं का काही?"

नवा कागद घेतला, तिचं नाव घातलं. दाखला मुदतीच्या चार दिवस आधी हातात आला. ती आजोबांना मामाकडे धाडून मोकळी झाली असती, तर आमचा पुरावा या जिल्ह्यात उरलाच नसता.

ऑफिसात दिलेल्या वंशवृक्षात ती नियमाप्रमाणे आजोबांच्या शेजारी आहे. घरच्या प्रतीत मी तिच्याखाली रेघ ओढून ती आजोबांपर्यंत नेली. बाबांनी ती हातात घेऊन पाहिली. लेकीने "ये कौन है?" विचारलं, तेव्हा चष्मा काढून त्यांनीच सांगायला सुरुवात केली.