टाकून देण्याचं अक्षर

इसोएने चाळीस वर्षं जपानमधल्या एका बेटावरच्या शेडमध्ये कालवं फोडली. शाळेचं तोंड तिने पाहिलंच नव्हतं. थोरला भाऊ यासुजी शाळेत गेला. ती धाकट्यांना पाठीशी बांधून घरी राहिली. दवाखान्यात फॉर्म भरायची वेळ आली की उजव्या हाताला फडकं गुंडाळून जायची. "हात दुखावलाय हो, तुम्हीच लिहा."

चौऱ्याहत्तराव्या वर्षी ती गावच्या सभागृहातल्या प्रौढांच्या वर्गात बसू लागली. एका दुपारी शिकवणाऱ्या मिनेगिशीबाईंनी फळ्यावर एक किचकट अक्षर काढलं.

"उच्चार 'की'. अस्सल जपानी वाचन 'सुतेरु', म्हणजे टाकून देणं. वर उलटं मूल, मध्ये सूप, खाली दोन हात. सुपात घालून मूल टाकतायत."

"पोटचं?" इसोएने विचारलं.

"पोटचंच. याच्याआधी 'हो', म्हणजे सोडणं, हे अक्षर जोडलं की 'होकी'. हक्क सोडून देणं."

इसोएची पेन्सिल थांबली. फळ्यावरची ही जोडी तिने घरी पाहिली होती.

वडील गेले तेव्हा यासुजीने एका कागदावर सहीऐवजी तिचा नावाचा शिक्का उठवून घेतला होता. देवळाच्या छपराच्या दुरुस्तीला संमती, म्हणाला होता. देवळाचं म्हणून तिने नक्कल देव्हाऱ्यात ठेवली, तीस वर्षं रोज तिच्यापुढे हात जोडले. दुसऱ्या दिवशी बाईंनी तो कागद वाचून दाखवला. वडिलांच्या संत्र्यांच्या बागेतला सगळा वाटा इसोएने सोडला होता.

ती तशीच बागेत गेली. यासुजी फळं उतरवत होता.

"दादा, हे वाच."

"जुनं मढं कशाला उकरतेस? बहिणी वाटा सोडतातच. आणि तुला वाचून काय कळणार होतं?"

"कळू नये म्हणूनच घरी ठेवलंत ना मला? मागितला असतास तर दिला असता रे! देवाच्या नावाने फसवलंस!"

तिने भरलेल्या टोपलीला लाथ घातली. संत्री उतारावरून थेट रस्त्यापर्यंत घरंगळत गेली. यासुजी ती वेचायला धावला.

तिने गाठलेला वकील म्हणाला, दावा लावायची मुदत कधीच टळून गेली.

पुढे वर्गाच्या प्रदर्शनासाठी इसोएने हे सगळं लिहून काढलं. बाई हळूच म्हणाल्या, "शेवटी 'आता राग उरला नाही' असं लिहू या का?"

"उरलाय की! खोटं लिहायला बसले का मी या वयात?"

मजकूर तसाच भिंतीवर लागला. खाली तिचं पूर्ण नाव होतं.