कमरेला पापलेट

सौदी अरबस्तानात परदेशी माणसाला कमरेला पिस्तूल लावता येत नाही. पापलेट लावता येते. तशी मनाई कोणत्याही कायद्यात माझ्या वाचनात आलेली नाही, आणि हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करीत आहे, कारण लावून पाहणारा इसम मीच होय.

प्रथम माझा परिचय देणे उचित ठरेल. जेद्दाच्या बलद भागातील जुन्या बाजारात, अबू सालेह यांच्या अत्तराच्या दुकानात एका कोपऱ्यातील मेजाशी बसून मी लोकांचे अर्ज लिहीत असे. कोणाचा पगार अडला, कोणाची रजा नाकारली गेली, कोणाचा पासपोर्ट हरवला की रत्नागिरीपासून रायगडपर्यंतचा प्रत्येक कोकणी माणूस प्रथम माझ्यापुढे येऊन उभा राही. माझ्या अर्जांची सुरुवात इतकी भारदस्त असे की वाचणारा अधिकारी पुढचा मजकूर उभा राहूनच वाचत असणार, अशी माझी खात्री होती. (शाळेशी माझे संबंध नववीतच संपुष्टात आले, परंतु ते उभयपक्षी संमतीने!)

अशा या वैभवाला सौदीकरणाची दृष्ट लागली. एकेक हुद्दा सौदी नागरिकांसाठी राखीव होऊ लागला. माझ्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, 'कातिब' अर्थात कारकून असा हुद्दा छापलेला. आणि आता कातिबांची पाळी आली आहे, असे बाजारात जो तो म्हणू लागला. त्यातच माझा इकामा नूतनीकरणास आलेला. माझी कन्या सना त्या वर्षी दहावीला. मध्येच गाशा गुंडाळून गावी जाण्याची वेळ आली असती, तर पोरीचे वर्ष गेले असते आणि माझी अब्रू त्याच्याही आधी गेली असती.

सर्व भिस्त होती माझे कफील, म्हणजे माझ्या परवान्याचे जामीन असलेले मालक, अबू सालेह यांच्यावर. मन सोन्यासारखे, पण निर्णय घ्यायची वेळ आली की ते 'इन्शाल्ला' म्हणत. इतक्या वर्षांत मी या शब्दाचा अभ्यास केला होता. आवाज चढता असेल तर काम झालेच म्हणून समजावे. उतरता असेल तर सामान बांधावयास घ्यावे. माझ्या इकाम्याविषयीचा त्यांचा इन्शाल्ला थेट जिना उतरून तळघरात जात होता!

अशा स्थितीत एके दिवशी त्यांनी मला जवळ बोलावले. (आमची भाषा अरबी-हिंदीची खिचडी असे; येथे ती मराठीत वाढतो.)

"मला पिस्तुलाचा परवाना मिळालाय. रोज संध्याकाळी दुकानाची रोकड घेऊन एकटा जातो, म्हणून मागितला होता. आता लहानसं, कपड्यांत लपेल असं घ्यायचंय. तुला हत्यारांतलं काही कळतं का?"

"कळतं का?" मी छाती पुढे काढली. "माझे आजोबा अख्ख्या पंचक्रोशीतले नामांकित शिकारी!"

(आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, हे सत्य आहे. ती आंब्याच्या बागेतली माकडे हाकलण्यासाठी होती, हेही सत्य आहे. नळीत गांधीलमाश्यांनी घर केल्यामुळे ती कधीच उडाली नाही, हे सांगण्याचा त्या वेळी प्रसंग नव्हता.)

"मग यल्ला, चल!" अबू सालेह म्हणाले, आणि माझ्या डोळ्यांपुढे नूतनीकरण झालेला इकामा चमकला. पिस्तुलाच्या बाबतीत मी अपरिहार्य ठरलो, तर कातिबाच्या बाबतीत का नाही?

हत्यारांच्या दुकानदाराने मखमलीवर दोन पिस्तुले मांडली. एक बुटके आणि अंगाने आटोपशीर. दुसरे थोडे लांब आणि रुंद, पण चपटे. मी तज्ज्ञाच्या सहजतेने हात पुढे केला.

"ला, ला!" दुकानदार ओरडला. "परदेशी माणसाने हात लावायचा नाही!"

मी तोच हात पाठीमागे नेला, त्यात दुसरा अडकवला आणि दवाखान्यात फेरी मारणाऱ्या मोठ्या डॉक्टरासारखा वाकून दोन्ही रुग्णांना न्याहाळू लागलो. मग बोललो, आणि काय बोललो! "शेख, रोज अंगावर बाळगायचं हत्यार म्हणजे पाहुणा नव्हे, घरजावई! जड असला तर चार दिवसांत माणूस त्याला घरी ठेवून निघतो, आणि नेमक्या अडचणीच्या वेळी तो कपाटात झोपलेला असतो. त्याचे कोपरे टोचू नयेत, बाहेर काढताना ते कपड्यात अडकू नये आणि पट्ट्यात घट्ट बसावं. चालताना हललं, की माणूस सारखा तिथे हात लावतो. मग लपवलं काय नि मिरवलं काय!"

दुकानदाराने चक्क मान डोलावली. मला धक्काच बसला. मी बरोबर होतो!

"पण तोबमधून दिसेल का?" अबू सालेहनी आपल्या पायघोळ पांढऱ्या झग्याकडे पाहत विचारले. प्रश्न रास्त होता. उन्हाळ्याचा तोब इतका पातळ की खिशातल्या रुमालाचा रंग सांगावा.

"विकलेला माल परत घेत नाही," दुकानदाराने खुलासा केला.

"घाई नको!" मी गरजलो. "दोन्हींचं माप आणि वजन सांगा. मी स्वतः अंगावर वागवून उद्या सकाळी निकाल देतो!"

"पिस्तूल न घेता अंगावर कसं वागवणार?"

"ते माझ्यावर सोडा!"

अबू सालेह म्हणाले, "इन्शाल्ला." आणि वाचकहो, तो चढता होता!

घरी येऊन मी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला आणि पिस्तुलास पर्याय शोधू लागलो. खलबत्त्याचा दांडा लांब. साबणाच्या वड्या हलक्या. इस्त्री कमरेला धरून पाहिली. तिच्याविषयी न बोललेले बरे. शेवटी मी फ्रीजर उघडला.

"अहो, काय शोधताय?" माझी पत्नी सकीना हिने विचारले.

"पिस्तूल."

"फ्रीजरमध्ये?"

मला ते सापडले होते. एक लहान पापलेट आणि एक मोठे! गोठून दगड झालेली, चपटी, मुठीच्या जागी शेपटी असलेली! काट्यावर ठेवली, तर एक बुटक्या पिस्तुलाचे वजन दाखवी, दुसरे लांबड्याचे. ज्याचे बालपण मासळीबाजारात गेले आहे, त्यालाच ही दृष्टी असते.

"हात लावायचा नाही!" सकीना कडाडली. (एका दिवसात हे वाक्य मला दुसऱ्यांदा ऐकावे लागले.) "शुक्रवारच्या कालवणाची आहेत ती!"

"सकीना, इकाम्याचा प्रश्न आहे."

मग दोन्ही पापलेटे तिने स्वतः उचलून माझ्या हाती दिली आणि हळूच म्हणाली, "सनाचं वर्ष तेवढं वाचवा. मग कमरेला देवमासा बांधलात तरी चालेल."

सकाळी मी ईदचा तोब चढवला. प्लॅस्टिकची पिशवी चालताना खसखस वाजते, हे लक्षात येताच ती काढून टाकली आणि दोन्ही पापलेटे मलमलीत गुंडाळली. ("ते दह्याचं फडकं!" हा आक्रोश आतून आलाच.) लहान पापलेट उजव्या खिशात घातले. मोठे आतल्या लेंग्याच्या नाडीत खोचले. आरशासमोर उभा राहून शत्रूची कल्पना केली आणि विजेच्या वेगाने शेपटी धरून खिशातले पापलेट आरशावर रोखले!

दारात सना उभी होती.

"अब्बा," ती शांतपणे म्हणाली, "फिश को गन क्यों बनाया?"

"तुझ्या शिक्षणासाठी, बेटा."

"मम्मी! अब्बा इज नॉट वेल!"

टॅक्सी थंडगार होती, तोवर सर्व सुरळीत होते. मात्र टॅक्सी बाजाराच्या तोंडाशी सोडते, आणि पुढे दुकानापर्यंत गल्ल्यांतून चालावे लागते. उन्हाने आपले काम सुरू केले. कमरेपाशी प्रथम गारवा जाणवला, मग ओल, मग ती ओल खाली निघाली. मी ताठ चाललो होतो. कोणालाही काही दिसत नव्हते! आनंदाने माझा ऊर भरून आला. इतक्यात पोटरीला काहीतरी मऊ घासले.

मांजर होते. बलदच्या गल्ल्यांत जितके दरवाजे तितकी मांजरे, हे मी जाणून होतो; ती कधी माझ्या वाटेला गेली नव्हती. मी "शुक!" म्हणून पुढे सरलो. दुसरे आले. कोपऱ्यावर आणखी काही जण भिंतीवरून उतरले. मी वेग वाढवला; त्यांनीही वाढवला. मी थांबलो, सर्वजण शिस्तीने थांबले आणि माझ्या कमरेकडे पाहू लागले. जी गोष्ट माणसांपासून यशस्वीपणे लपवली होती, ती या जमावाला तोंडपाठ होती!

"काय मुन्शीजी!" दापोलीचे कापडवाले हसनभाई दुकानातून ओरडले. "अर्ज द्यायला निघालीत का ही सगळी?"

"रांगेत आहेत," मी न थांबता बाणेदार उत्तर दिले, आणि जवळजवळ धावतच अत्तराच्या दुकानात शिरून दार लोटले.

आत अबू सालेह एका तरुण पाहुण्याला कावा, म्हणजे अरबी कॉफी, पाजत होते. पाहुण्याच्या गळ्यात ओळखपत्र होते. मजूर खात्याचा तपासनीस!

"हाच तो?" तपासनीसाने विचारले. "याच्या इकाम्यावर कातिब आहे. कातिबाच्या जागी आता सौदीच हवा."

"सौदीच आहे," अबू सालेह घाईने म्हणाले. "माझा पुतण्या नासिर आजपासून कातिब. हा... हा..." त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी डोळ्यांनी विनवले. आयुष्यभर लोकांची बाजू मांडणारा मी, स्वतःची बाजू मांडायला एक शब्द तोंडातून निघेना!

तपासनीस नाक वर करून हुंगत होता. "शेख, हे कुठलं नवं अत्तर?"

"ऊद," अबू सालेह म्हणाले. मग त्यांनीही हुंगले आणि त्यांचा चेहरा बदलला.

"हा माणूस इथे नेमकं काय काम करतो?" तपासनीसाने थेट विचारले.

तेवढ्यात नाडी सैल झाली.

प्रथम मांडीवरून काहीतरी घसरल्याची जाणीव झाली. मी गुडघे जुळवले. उशीर झाला होता! दह्याचे फडके वाटेतच मागे राहिले, आणि तोबच्या घेराखालून, माझ्या दोन पायांच्या मधोमध, मोठे पापलेट फरशीवर चापकन उतरले आणि तपासनीसाच्या चपलेपर्यंत सरकत गेले.

दाराबाहेर एकमुखाने म्याऊ सुरू झाले.

"तब्बाख!" अबू सालेह एकदम ओरडले. "स्वयंपाकी आहे हा माझा! बघा ना, दुपारचा मासा घेऊन आला!"

तपासनीसाने पापलेटाकडे पाहिले, मग माझ्याकडे. "पण तोबच्या आतून?"

"मांजरांपासून लपवला, साहेब," मी म्हणालो. त्यातले लपवणे तरी खरे होते.

तपासनीस असा हसला की कावा तोबवर सांडला. स्वयंपाक्याच्या हुद्द्याला सौदीकरणाची अडचण नव्हती. "मग इकाम्यावर तसं बदलून घ्या," तो निघताना म्हणाला, "आणि मासा कधी शिजवणार, तेही कळवा."

दार बंद झाल्यावर मी खिशात हात घातला. लहान पापलेट होते तिथेच, शेपटी वर करून, इमानाने बसलेले!

"शेख," मी आवाज सावरून निकाल दिला, "नाडीत खोचलेलं लांबडं घसरलं. खिशातलं बुटकं जागचं हललं नाही, की कोणाला दिसलं नाही. बुटकंच घ्या, आणि खिशातच ठेवा."

अबू सालेहनी अगदी तेच केले. दुकानदाराने म्हणे निवडीची तारीफ केली.

इकाम्याचे नूतनीकरण झाले, सनाची दहावी जेद्दातच पार पडली, आणि त्या शुक्रवारी अबू सालेह व तपासनीस दोघेही 'माझ्या' हातचे कालवण जेवून गेले. मी आत जाऊन फक्त पातेले बाहेर आणले. सकीनाने शिजवले, मी घाम पुसला!

परंतु माझ्यासारख्या लेखणीच्या माणसाने जन्मभर तब्बाख म्हणवून घ्यावे, हे मनाला पटेना. नवा कातिब नासिर अर्जातल्या प्रत्येक ओळीसाठी गुपचूप मलाच विचारी, याने ती जखम अधिकच खोल गेली. शेवटी मी हुद्दा बदलून मिळावा म्हणून स्वतःचा अर्ज स्वतः लिहिला. तसा अर्ज मी आयुष्यात कोणासाठी लिहिला नव्हता! एकेक वाक्य तोलून घातले. काही दिवसांनी तो परत आला. खाली शेरा होता: 'अर्जदार व्यवसायाने स्वयंपाकी आहे. अर्ज जाणकार व्यक्तीकडून लिहवून आणावा.'

मी तो सकीनाला वाचून दाखवला. ती मासे साफ करत होती. तिने मानसुद्धा वर केली नाही.

"जाणकाराकडून लिहवून घ्या, हे बरोबरच आहे," ती म्हणाली. "पण तुम्हाला स्वयंपाकी कोणी म्हटलं? त्याविरुद्ध मी अर्ज करीन!"

तो अर्ज ती कोणाकडून लिहवून घेणार, हे विचारण्याचे धैर्य मला आजतागायत झालेले नाही.