येळवशीला मी रानात जेवले म्हणे!

आधी माझा मूर्खपणा सांगून टाकते... मंजूर झालेली दहा दिवसांची रजा मी रागाच्या भरात परत केली होती. चार वर्षांच्या लेकीला भेटायची रजा! राग कुणावर? सासूवर. आता पासष्टी ओलांडल्यावर त्या बाईच्या, म्हणजे माझ्याच, दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात. रागानं मी भाकरीसारखी फुगायचे. फरक एवढाच की भाकरी कुणाच्या तरी पोटात जाते.

भुताखेतांचं म्हणाल तर मी फौजेतली नर्स. शवागाराच्या पायरीवर बसून डबा खाल्लेली. कुणी असलं काही सांगायला लागलं की मी आधी त्याचा ताप बघायचे. तेव्हा हसायचं असेल तर खुशाल हसा.

आपल्या फौजेची एक तुकडी तेव्हा आफ्रिकेत शांतिसेनेत होती. तिच्या दवाखान्यात माझी वर्षभराची नेमणूक. घर नेकनूरच्या पुढं, केजच्या रस्त्याला. आमचे मालक, सुमीचे वडील, गावच्या शाळेत मास्तर. लेकीला सासूबाई सांभाळायच्या. त्यांना मी आत्याबाई म्हणायचे. डिसेंबरात त्यांनी मालकांच्या हातून पत्र लिहून धाडलं – "सुमी आता मलाच आई म्हणती. तू घोर करू नको, सवडीनं ये."

सवडीनं! अंगाचा तिळपापड झाला. माझी पोर बळकावली, आणि वर मलाच सवड देते? तशीच साहेबांकडं गेले, रजेचा कागद टेबलावर आपटला.

मग बसले कॅम्पात. नाताळची सुट्टी, सगळीकडं केक आणि गाणी... त्याच आठवड्यात येळवस आली. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला आमच्याकडं सगळं घर रानात जातं. कडब्याची कोप करून आत पाच पांडवांची पूजा, मग तुरीचे दाणे आणि पालेभाज्या घालून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली, लसूण घातलेली आंबील. रानात आलेल्याला जेवल्याबिगर कुणी सोडत नाही.

मी मात्र रागानं नाश्ताही केला नाही. सकाळी दहाला – म्हणजे आपल्याकडं दीडला – चादरींच्या स्टोअरमध्ये शिरले. घड्या घालत आत्याबाईंना मनातल्या मनात शिव्या हासडत होते. बाहेर आले तर लिली, माझ्याच वॉर्डची सिस्टर, अंगावर धावली.

"कहाँ थी तुम? दो घंटे से ढूँढ रही हूँ! स्टोअर में भी दो बार देखा!"

दोन तास? मला तर दहाच मिनिटं वाटली होती. तिलाही फाडफाड बोलले. मग हात धुवायला गेले... उजव्या हाताच्या बोटांना लसणाचा, ताकाचा वास. नखात तुरीच्या दाण्याचं साल. आणि पोट गच्च भरलेलं.

आठ दिवसांनी फोनची पाळी आली. नेकनूरच्या एसटीडीवर आत्याबाई स्वतः आल्या होत्या. मी भांडायच्या तयारीत, तर त्या माझ्याआधी पेटलेल्या.

"बूट घालून कोपीत शिरलीस? पांडवांम्होरं? लाज न्हाई वाटली?"

"कोण? मी?"

"न्हाई, माझी माय! मी बस म्हनले तर मान वर केली न्हाईस. सुमीला मांडीवर घेतलंस, भज्जी चारलीस, सोता आंबील प्यालीस. मी कळशी आणाय वळले, तर गायब!"

"आत्याबाई, मी समुद्रापल्याड हाय. दुसरी कुणी असंल–"

"सून वळखू येत न्हाई व्हय गं मला?"

मालकांना विचारलं तर ते म्हणे विहिरीवर होते. हा माणूस मोक्याच्या वेळी कायम विहिरीवरच असतो!

भास म्हणावा, तर तो लिलीला, मला आणि आत्याबाईंना एकाच वेळी कसा झाला? सुमीला आज काहीच आठवत नाही. आत्याबाई गेल्या, मरेपर्यंत त्यांनी ते बूट माफ केले नाहीत. मला उलगडा नाही... आणि अजून संताप होतो तो वेगळ्याच गोष्टीचा. माझी लेक माझ्या मांडीवर बसून माझ्या हातानं जेवली, आणि त्यातलं एवढंसुद्धा मला आठवू नये!

त्या दिवशी फोन ठेवण्याआधी आत्याबाई जे बोलल्या, ते जसंच्या तसं लिहिते –

"मला बोलली न्हाईस, मरू दे. पर पोरीला तू कोन ते सांगून जायाचं व्हतंस. आठ दिस झालं, बांधावर बसती अन् मला इचारती, 'आई, ती बाई पुन्ना कवा यायची?' मी न्हाई सांगायची. तू ये, अन् तूच सांग."