हँडल कोणाच्या हाती होतं

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. बुलढाणा जिल्ह्यात घडलेल्या एकूण गुन्ह्यांपैकी निम्मे तरी माझ्या साडभाऊंनी, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं, कबूल केलेले आहेत. केलेला मात्र एकही नाही. त्यातला एक माझा होता.

लग्नाच्या पंगतीत वरण अळणी निघालं आणि यजमान आचाऱ्यावर धावून गेले, तर पाहुणे म्हणून बसलेले साडभाऊ पत्रावळीवरून उठून म्हणणार, "त्याले काऊन बोलता? मीठ मीच इसरलो." खामगावच्या बाजारात कुणाच्या तरी बकरीनं भाजीवालीची कोथिंबीर फस्त केली, तर साडभाऊ हात जोडून पुढे: "बकरी माही हाय." त्यांच्याकडे बकरी नव्हती. त्या दिवसापासून झाली, कारण खरा मालक पुढे आलाच नाही. त्यांची बायको, म्हणजे आमच्या ताई, म्हणायच्या, "आमच्या घरचे सतरा कप यायच्या हातून फुटले म्हणतेत. यायनं आजवर एक कप उचलून ठेवला नाही."

ही खोड लागली एका मुक्या सिनेमामुळे. कुठल्याशा भंगारातून त्यांना हातानं फिरवायचं सिनेमाचं यंत्र आणि डब्यात चार रिळं मिळाली होती. धाकटा भाऊ चोरी करतो, थोरला ती अंगावर घेऊन पळतो, शेवटी धाकटा कोर्टात येऊन खरं सांगतो, एवढीच गोष्ट. पण दरवर्षी स्नेहसंमेलनाला देऊळघाटच्या आमच्या शाळेच्या हॉलमध्ये भर दुपारी खिडक्यांना पोती लावून ती सुरू झाली की श्वास घ्यायला फुरसत नसे. साडभाऊ पडद्यामागे उभे राहून सगळ्यांचे आवाज काढत. फौजदार पुणेरी बोले, "थांबा, आपणांस अटक करण्यात येत आहे." पळणारा थोरला अस्सल वऱ्हाडी, "पकडा बे मले, पण माह्या भावाले हात लावू नका." घोडे उधळत, टोप्या उडत, पोरं बाकांवर चढत. यंत्रही तिथंच पडद्यामागे, आणि हँडल फिरवायला मी. साडभाऊंची ताकीद एकच: "मास्तर, काहीबी होवो, हात थांबवू नका. दिव्याची आच लय हाय, रीळ जळते."

त्या वर्षी मी शाळेत कायम व्हायचा होतो. शेवटचं रीळ लागलं. थोरला पुलावर, दोन्ही बाजूंनी पोलीस, खाली पूर. चौथ्यांदा पाहत होतो, तरी माझा जीव त्या पुलावर लटकला आणि हात थांबला. पडद्यावर फोड आला, पूल वितळला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग धूर आला, आणि यंत्राशेजारी लोंबणारा रंगमंचाचा नवा मखमली पडदा पेटला. माती टाकून विझवेपर्यंत निम्मा गेला होता.

हेडसर गरजले, "हँडल कोणाच्या हाती होतं?"

मी हातावरची माती झटकत राहिलो. पडद्यामागून काजळलेल्या तोंडानं साडभाऊ आले. "माह्या. मास्तरले मी पाणी प्यायले धाडलं होतं."

मी 'हो' म्हणून मान हलवली. तेवढंच केलं. मी कायम झालो. साडभाऊंना शाळेत पाऊल ठेवायला बंदी झाली. गावात पोरं त्यांना "आगलावे" म्हणू लागली, तेव्हा ते ताईंना, यंत्राला आणि बकरीला घेऊन सोनाळ्याला आमच्या सासुरवाडीला जे गेले ते तिकडचेच झाले. मला कधी एका शब्दानं बोलले नाहीत.

आता त्यांचं वय झालंय. मागच्या महिन्यात गेलो तर ओसरीवर बसून शेजाऱ्यांना सिनेमा सांगत होते, घोड्यांसकट. पुलापाशी आले आणि थांबले.

"पुढं काय होते, बुवा?" एकानं विचारलं.

"पुढं लहाना भाऊ येते."

"मंग?"

साडभाऊंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "येऊन राह्यला असंन. रस्ता लांब हाय बाप्पा."

हेडसरांच्या त्या खुर्चीत आज मी बसतो. हे लिहून झालं, पण गावासमोर बोललेलो नाही. त्याच हॉलमध्ये, साडभाऊंना समोर बसवून, "हँडल माझ्या हाती होतं" एवढं एक वाक्य मी त्यांचं देणं लागतो.