नव्वद सेकंदांचा काटा

माझी नणंद रेडिओत होती असं सांगितलं की लोकांचे कान टवकारतात. "म्हणजे बातम्या द्यायच्या?" नाही हो. "मग गायच्या का?" अजिबात नाही. एकोणचाळीस वर्षं सरकारी रेडिओत काढली, पण त्यांचा आवाज एकदाही कोणी ऐकला नाही. त्या वेळ मोजायच्या. स्टुडिओच्या काचेच्या अलीकडे खुर्ची, हातात स्टॉपवॉच, मांडीवर वही. सत्तेतला माणूस किती सेकंद बोलला, विरोधातला किती, ते लिहायचं. दर महिन्याला वही वर जायची. आणि वर्षातून एकदा, लोकांच्या करातून रेडिओ चालवायचा की नाही यावर सभागृहात जुंपली, की दोन्हीकडचे लोक त्याच वहीतले आकडे काढून एकमेकांच्या तोंडावर मारायचे.

ऑफिसात त्यांना 'काटा' म्हणत. घड्याळातला की पायातला, ते ज्याचं त्यानं ठरवावं. मी लग्नानंतर आठवड्याभरातच ठरवून टाकलं होतं.

मी ताईंना नावं ठेवायला बसलेली नाही, पण खोटं कौतुकही मला जमत नाही. आई-वडील पाठोपाठ गेले तेव्हा ताई एकोणीस वर्षांच्या होत्या आणि आमचे हे आठ वर्षांचे. दोन जिने चढून तीन खोल्या, एक लहान भाऊ आणि नुकतीच लागलेली नोकरी. त्यांनी लग्न केलं नाही. बघायला दोघं येऊन गेले म्हणे. मी एकदा गमतीनं म्हटलं, "ताई, त्यांच्या बोलण्याची पण वेळ लावली असेल तुम्ही." तर सरळ चेहऱ्यानं म्हणाल्या, "पहिला चाळीस मिनिटं स्वतःबद्दल बोलला."

आमचे हे बोलताना अडखळत. अक्षर कुठलंही दोनदा-तीनदा यायचं, पण प, ब, म, ओठ मिटावे लागतील असं अक्षर सुरुवातीला आलं की एखादे वेळी ओठ मिटायचे ते उघडायचेच नाहीत. मान ताठ व्हायची, डोळे मोठे व्हायचे. शाळेत वाचनाच्या तासाला बाई ह्यांचा नंबर टाळून पुढे जायच्या. पोरं मागून "प-प-पुढे चला" म्हणायची. एकदा हे शाळेतून पळून आले आणि कपाटामागे जाऊन बसले. तेव्हा ताईंनी एक युक्ती काढली. सकाळी सातचं बातमीपत्र लागलं की ह्यांना रेडिओसमोर बसवायचं. "तो बोलेल तसं त्याच्याबरोबर बोल. मोठ्यानं." हे निवेदकाच्या अर्धा शब्द मागे राहून बोलायला लागले, आणि काय आश्चर्य, दुसऱ्याचा आवाज सोबत असला की ह्यांचा आवाज कुठेच अडायचा नाही. पंधरा मिनिटं सलग, अगदी पाण्यासारखा.

मी या घरात आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरातून दोन पुरुषांचे आवाज ऐकू आले. एकसुरात धरणातल्या पाण्याची पातळी सांगत होते. मी धावतच स्वयंपाकघरात गेले. ताईंना विचारलं, "आत आणखी कोण आहे?" त्या म्हणाल्या, "सात वाजून चार मिनिटं झालीत. अकरा मिनिटांनी एकटाच बाहेर येईल." आणि खरंच हे एकटे बाहेर आले, गालावर साबण तसाच. त्या पंधरा मिनिटांच्या जोरावर हे दिवस काढायचे. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेमला बसवायचं काम होतं, त्यात बोलणं फारसं नसायचं. पण गिऱ्हाईक आलं तर "बसा" एवढं तरी म्हणता यायला हवं ना.

मग ते वर्ष आलं. रेडिओ एकतर्फी आहे ही ओरड जुनीच. खुर्चीत बसलेल्यांना तो विरोधकांचा वाटायचा, खुर्ची गेली की लगेच सरकारचा वाटायला लागायचा. खालच्या मजल्यावरचे मास्तर मला जिन्यात गाठून म्हणायचे, "त्यांची टिमकी वाजवायला आमच्या कराचा पैसा कशाला?" मी वरवर हसायचे, पण मनात म्हणायचे, मास्तर अगदीच चुकीचं बोलत नाहीत. मंत्र्यानं फीत कापली की तीन मिनिटं आणि आमच्या भागात आठ दिवस नळ कोरडा असला की वीस सेकंद, हे मीच कानांनी ऐकलेलं. ताईंना तसं म्हटलं तर त्या म्हणत, "दोघंही तक्रार करतात ना? म्हणजे वही बरोबर आहे." पण त्या वर्षी नुसती ओरड नव्हती. अनुदानच बंद करायचा ठराव येणार होता. आमच्या गावचं रेडिओ केंद्र लहान, बंद होणाऱ्यांच्या यादीत वरच्या नंबरावर.

केंद्रानं ठरवलं, हा वाद लोकांसमोरच होऊ दे. श्रोत्यांकडून पत्रं मागवली. रेडिओ हवा म्हणणारा एक आणि नको म्हणणारा एक असे दोघे निवडून थेट प्रसारणात आणायचे. दोघांना नव्वद नव्वद सेकंद. आणि आमच्या ह्यांनी, जे भाजीवाल्याशी बोटांनी बोलायचे, कोणाला न सांगता पत्र पाठवलं. आणि निवडलंही ह्यांचंच!

मी म्हटलं, "अहो, वेड लागलंय का तुम्हाला? सगळं गाव ऐकणार!"

"म्हणून तर," हे म्हणाले. "आयुष्यभर द-दुसऱ्याच्या आवाजाखाली ब-ब-बोललो. एकदा एकट्यानं बोलायचंय. रेडिओसाठी."

ताई दुसऱ्याच दिवशी केंद्र संचालकांकडे गेल्या. माझा सख्खा भाऊ आहे, त्या दिवशी घड्याळ दुसऱ्या कोणाला द्या, असं स्पष्ट सांगितलं. साहेब म्हणाले, "दुसरा कोण आहे? दोन्ही बाजूंचा विश्वास फक्त तुमच्यावर." तो विश्वास त्यांच्या गळ्यातच पडला म्हणा.

हे तयारीला लागले. दुकानात काच घासताना पुटपुटत. संध्याकाळी स्वयंपाकघरात मला बसवून म्हणून दाखवत. चांगल्या दिवशी सत्तर सेकंदांत व्हायचं. शाळा, कपाट, सातचं बातमीपत्र, सगळं होतं त्यात. फक्त शेवटचं वाक्य म्हणायचे नाहीत. "ते रेडिओवरच ऐक." मी खूप खनपटीला बसले, पण हा माणूस ऐकतोय कसला. एवढंच कळलं की ते वाक्य ताईंबद्दल होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी चहा घेताना ह्यांनी ताईंना विचारलं, "ताई, मी अ-अडलो तर घड्याळ थांबतं का गं?"

ताईंनी कप खाली ठेवला. "नाही रे धाकट्या. खोकला, श्वास, हसू, सगळं त्याच्याच वेळेत धरतात. अडखळणंही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ताई, त्या समोरच्याला नव्वद सेकंद बोलायला आणि ह्यांना नव्वद सेकंद ओठ उघडायला? याला सारखं म्हणायचं?"

"नियमांच्या पुस्तकात तसं आहे," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज मात्र नेहमीसारखा नव्हता.

"राहू दे," हे मला म्हणाले. "मला ज-जास्त नकोच आहे. तिनं द्यायलाही नको."

मला काचेच्या बाहेर, ताईंच्या मागे बाकावर बसायला मिळालं. आत हे आणि समोर एक कर सल्लागार. माणूस वाईट नव्हता. ह्यांना आधी पाणी पुढे केलं त्यानं. पण बोलायला लागला आणि काय सांगू, लोण्यातून सुरी जावी तसा. जो हा रेडिओ ऐकत नाही त्यानं त्यासाठी कर का भरावा? ज्याच्या हातात अनुदान त्याच्याविरुद्ध बातमी कोण देणार? अहो, मलासुद्धा पटलं. अठ्ठ्याऐंशी सेकंदांत आटोपून हसून मागे टेकला.

मग हे. पहिली वीस-पंचवीस सेकंद इतकी छान गेली की मी बाकाची कड घट्ट धरून ठेवली. शाळा झाली. कपाट झालं. "रोज सकाळी सात वाजता मला या केंद्रानं आवाज दिला," म्हणाले, स्वच्छ. आणि मग म्हणाले, "तो कोणत्याही पक्षाचा नव्हता. तो माझ्या ब..."

ओठ मिटले. मान ताठ झाली. सगळीकडे शांतता. रेडिओवरची शांतता घरातल्यासारखी नसते हो, तिच्यात लोक तुमच्या नवऱ्याकडे कान लावून बसलेले असतात. निवेदक खुर्चीत चुळबुळला. हे पुन्हा सुरुवातीपासून धावत आले, "तो माझ्या ब-ब," आणि पुन्हा तिथेच. कार्यक्रमाच्या निर्मातीनं वळून ताईंकडे पाहिलं. दोन्ही हात पसरून खुणेनं विचारलं, देऊ या का थोडा वेळ? ती बाई तयार होती. तो कर सल्लागारसुद्धा आतून मान हलवत होता, बोलू द्या म्हणून. सगळे एका माणसाकडे बघत होते.

मी मागून ताईंची मान पाहत होते. मी देवाला नाही, त्या मानेला हात जोडले. बरोबर नव्वदाव्या सेकंदाला ताईंनी हात वर केला.

निवेदक म्हणाला, "आपली वेळ संपली. आभारी आहोत." लाल दिवा विझला. ह्यांचे ओठ तेव्हा उघडले, आणि त्यातून नुसती हवा आली.

ताईंनी वहीत लिहिलं: नको, अठ्ठ्याऐंशी. हवा, नव्वद. म्हणजे कागदावर बघाल तर आमच्या ह्यांनाच दोन सेकंद जास्त.

आणि तेच बाहेर आलं! पंधरा दिवसांनी सभागृहात एक गृहस्थ उठून म्हणाले की वेळ मोजणाऱ्या बाईंनी स्वतःच्या भावाला दोन सेकंद जास्त दिले, जनतेच्या पैशावर घरचा कारभार चाललाय, याहून वेगळा पुरावा काय पाहिजे? चौकशी बसली. ताईंना विचारलं, तुमचा भाऊ त्यातली साठ सेकंद बोललाच नाही, हे वहीत का नाही? ताई म्हणाल्या, "तसा रकाना नाही." बस्स, एवढंच. घरी येऊन कोणालाही शिव्या दिल्या नाहीत. त्यांच्या वाटच्या शिव्या मी दिल्या, जिन्यात उभी राहून, मास्तरांना ऐकू जातील अशा. मास्तर बिचारे दार लावून घेऊन बसले.

ठराव आमच्यामुळे आला असं मी म्हणणार नाही. तो येणारच होता. तीन महिन्यांत केंद्र बंद झालं. ताईंना दीड वर्ष आधीच निवृत्त केलं. सातचं बातमीपत्र गेलं. मी ह्यांच्यासाठी दुसरी स्टेशनं लावून पाहिली, टीव्ही लावला. तिथे चार जण एकाच वेळी ओरडतात, माणसानं कोणाच्या मागे बोलायचं? हे दोन दिवस प्रयत्न करून थांबले. मग हळूहळू सगळंच थांबलं. दुकानात पाटीवर लिहून दाखवायला लागले. घरी माझ्याशीसुद्धा मानेनं. माझा चांगला बोलता केलेला माणूस माझ्या डोळ्यांसमोर गप्प होत गेला, आणि दोष द्यायला घरात एकच माणूस होतं, जिनं त्याला बोलता केला होता. मी तिच्यावर राग धरून सहा वर्षं स्वयंपाक केला. सांगायला लाज वाटते, पण केला.

गेल्या रविवारी दुपारी चहा झाला. ताई आता पासष्टीला आल्यात, हात कापतो. एकदम म्हणाल्या, "धाकट्या, तुझं ते शेवटचं वाक्य काय होतं रे?"

मी हातातलं काम टाकलं. सहा वर्षांत हा विषय कोणी काढला नव्हता.

"सांग मला," ताई म्हणाल्या. "कितीही वेळ घे. मला कुठे जायचं नाही."

मी पटकन पाटी आणि खडू पुढे केला. ह्यांनी तो बाजूला सारला. लिहायचं नव्हतं, म्हणायचं होतं. ताईंकडे तोंड करून बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर, शाळेतल्या पोरासारखे.

"तो माझ्या ब..."

ओठ मिटले. मान ताठ झाली. ताई हलल्या नाहीत. मी हलले नाही. खाली कोणीतरी सायकल लावली, जिन्यात पावलं वाजली, दार उघडलं आणि बंद झालं. ह्यांच्या कपाळावर घाम आला. पुन्हा सुरुवातीपासून आले आणि पुन्हा तिथेच. ताईंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण त्यांनी पुसलं नाही, मध्ये बोलल्या नाहीत, दुसरीकडे पाहिलं नाही. घरात कोणालाही घाई नव्हती. कोणीही हात वर केला नव्हता.

खूप वेळानं ह्यांचे खांदे सैल पडले. त्यांनी पुढे वाकून ताईंचा कापणारा हात आपल्या हातात घेतला, थोपटला.

"वेळ संपली, ताई," ते म्हणाले. एकदाही न अडखळता.