चार शेळ्यांचा दगड

चिटगुप्प्याच्या बसस्टँडामागच्या हॉटेलात चहा पिता पिता लिंगाप्पा पहिल्यांदा म्हणाला, "दोन वर्सं बंदर बांधायला गेलतो," तेव्हा गल्ल्यावरचे चाचा हसून हसून खोकायला लागले.

"कायकू रे लिंगाप्पा, बंदर बांधने इत्ता दूर जाना पड्या? हमारे बिदर के किल्ले में कम हैं क्या बंदरां?"

दखनीत बंदर म्हणजे माकड, आणि चिटगुप्प्याचा निम्मा बाजार दखनीत बोलतो. त्या दिवसापासून तो बंदरवाला लिंगाप्पा झाला. त्याला राग आला नाही. ज्यांनी उभ्या जन्मात समुद्र बघितला नाही, त्यांना जहाज लागायचा धक्का कसा समजावून सांगायचा? त्यानं स्वतः तरी समुद्र बघितला तो चाळिशीत.

त्याचा जन्म मेंढरांच्या तळावरचा. बाप लवकर वारला, पण आई म्हाळसा दीडशे मेंढरं एकटी राखायची. पुढं गायरानं सरली. कुठं प्लॉट पडले, कुठं तारेचं कुंपण आलं. लिंगाप्पा पंधरा वर्षांचा होता तेव्हा सगळा कळप बाजारात गेला आणि म्हाळसा नुसती काठी हातात घेऊन घरी परतली. त्यानंतर तो शहाबादी फरशीच्या खाणीवर कामाला लागला आणि हळूहळू पोकलेन चालवायला शिकला. हात इतका हलका, की लिंगाप्पा बकेटीनं अंडं उचलील पण फुटू द्यायचा नाही, असं खाणीतली माणसं म्हणायची.

हैदराबादच्या एका एजंटानं त्याला दुबईला नेलं. तिथल्या ठेकेदारानं सहा महिन्यांतच त्याला विमानात बसवून सोमालियाला पाठवलं. त्या किनाऱ्यावरच्या गावाचं नाव लिंगाप्पाला कधीच नीट म्हणता आलं नाही. तो आजही त्याला 'फराहचं गाव'च म्हणतो.

फराह तिथला मुकादम. दुबईत हैदराबादी लोकांबरोबर राहून त्याला हिंदी येत होती, आणि तीही थेट आपल्या दखनी वळणाची. पहिल्याच दिवशी त्यानं लिंगाप्पाला किनाऱ्यावर नेलं. पत्र्याची थोडी घरं, वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या, आणि पुढं नुसतं उसळणारं पाणी. लाटा अडवायला डोंगरातले दगड टाकून समुद्रात भिंत घालायची होती, आणि भिंतीच्या आडोशाला जहाजासाठी धक्का.

"सरकारचं काम हाय व्हय?" लिंगाप्पानं विचारलं.

"सरकार नहीं. हमारा," फराह म्हणाला, आणि त्यानं छातीवर हात ठेवला.

सगळं लोकवर्गणीतून चाललं होतं. परदेशात टॅक्सी चालवणाऱ्यांनी पाठवलं होतं, दुकानदारांनी दिलं होतं, बायकांनी कानातलं काढून दिलं होतं. रानातल्या धनगरांनी उंट आणि शेळ्या दिल्या होत्या. लिंगाप्पाला वर्गणी माहीत होती ती देवळाच्या कळसाची नाहीतर जत्रेची. समुद्रात भिंत घालायला कुणी शेळी देतं, हे त्यानं ऐकलं नव्हतं.

काम सुरू झालं. डोंगरातून ट्रक दगड आणायचे, लिंगाप्पा एकेक दगड उचलून पाण्यात बसवायचा. नुसता ढकलून द्यायचा नाही. दगडाचं तोंड बघून, खालच्या दोघांच्या खाचेत नेमका टेकवायचा. गावातली म्हातारी माणसं संध्याकाळी बघायला येऊन बसायची, आणि दगड नीट बसला की आपल्याकडं कुस्तीत डाव बसल्यावर ओरडतात तशी ओरडायची.

एके दिवशी एक म्हातारी आली. उंच, काटक, अंगावर विटका लाल कपडा, आणि बरोबर एक लंगडणारी शेळी. दोन दिवस चालून आली होती. तिचं नाव हलीमो. ती पोकलेनसमोर उभी राहिली आणि हटेचना. लिंगाप्पा मशीन बंद करून खाली उतरला.

"काय म्हणायल्यात त्या?"

फराहला हसू आवरत नव्हतं. "हिनं चार शेळ्या दिल्यात. विचारते, माझ्या शेळ्यांचा दगड कुठला?"

आजूबाजूचे मजूर हसले. लिंगाप्पा हसला नाही. त्याला म्हाळसा आठवली. बाजारातून परतल्यावर तीही वर्षभर विचारत राहिली होती, आपली मेंढरं कुणाच्या दारात गेली असतील. तिला सांगणारं कुणी नव्हतं.

त्यानं ढिगातला दगड निवडला. करडा, एका अंगाला पांढरी शीर असलेला, बैलाएवढा. बकेटीत घेऊन त्यानं तो अलगद हलीमोच्या पुढ्यात टेकवला. ती दगडाभोवती फिरली, हात लावून बघितला, गुरं निवडताना बघतात तसा. मग पसंतीची मान डोलावली. लिंगाप्पानं तो उचलला आणि तिच्या डोळ्यांदेखत भिंतीच्या टोकाला, पाण्यात नेऊन बसवला. हलीमोनं जीभ हलवत असा काही लांब आनंदाचा आवाज काढला, की सगळा किनारा तिच्याकडं बघायला लागला.

जाताना लिंगाप्पानं तिच्या शेळीचा पाय धरला. खुरात बारीक खडा रुतला होता. त्यानं शेळीला गुडघ्यात दाबून अंगठ्यानं खडा काढला आणि जखमेवर थुंकी लावली, म्हाळसा करायची तसं. हलीमो बघत राहिली, मग फराहला काहीतरी म्हणाली.

"म्हणते, हा माणूस मशीनवाला नाही. हा शेळ्यांतला आहे."

पंचवीस वर्षांत लिंगाप्पाला असं कुणी ओळखलं नव्हतं.

तिनं बसून सांगितलं, आणि फराह तिचं बोलणं हिंदीत सांगत गेला. विकायच्या शेळ्या ट्रकात कोंबून लांबच्या बंदरावर न्याव्या लागतात. तीन दिवस पाणी नसतं. चार-सहा वाटेतच मरतात आणि उरलेल्या वाळक्या दिसतात म्हणून व्यापारी भाव पाडतो. इथं जहाज लागलं की मी माझा कळप स्वतः चालवत आणीन. त्या दिवशी तू इथं पाहिजेस.

"येतो म्हणाव," लिंगाप्पा म्हणाला.

भिंत चाळीसेक पावलं राहिली असताना रूपाचा फोन आला. रूपा त्याची बायको.

"आव्वाचं उजवं अंग गेलंय. तुमचंच नाव घ्यायल्यात. या."

तो चौथ्या दिवशी घरी पोचला. वाटलं होतं, महिन्या-दोन महिन्यांत परत जाऊ. म्हाळसा तीन वर्षं अंथरुणावर होती. तिला उचलणं, न्हाऊ घालणं, कुशीवर वळवणं सगळं त्यानं आणि रूपानं केलं. दिवसा तो भाड्याच्या पोकलेनवर शेततळी खोदायचा. पिवळी माती उपसता उपसता मध्येच हात थांबायचा आणि कानात लाटा यायच्या. दुपारी खड्ड्याच्या काठावर भाकरी खाताना तो फराहचे व्हिडिओ बघायचा. भिंत पुरी झाली. धक्का झाला. मग एक दिवस पहिलं जहाज लागलं. शिडीवर लेकरं, धक्क्यावर बायकांचा तोच आवाज, आणि तांदळाची पोती पाठीवर घेऊन पळणारी माणसं. लिंगाप्पानं तो व्हिडिओ इतक्यांदा बघितला, की रूपाला त्यातला गोंगाट पाठ झाला.

फराह दर शुक्रवारी फोन करायचा. तांदूळ, पीठ, सिमेंट आता गावातच उतरतं, त्यामुळे स्वस्त झालंय. त्याच्या भावानं बर्फाचा कारखाना टाकलाय, मासा सडत नाही. जी माणसं कामासाठी देश सोडून चालली होती, त्यांतली कितीतरी धक्क्यावर हमाली करतात, ट्रक चालवतात.

"आणि हलीमो?"

"अजून शेळ्या न्यायचं जहाज नाही आलं."

ते म्हाळसा गेली त्या साली आलं. लिंगाप्पा गावाबाहेर एका घराच्या पायाचं खोदकाम करत होता आणि रूपा डबा घेऊन आली होती. फोनवर फराहचा चेहरा दिसला, मागं शेळ्यांचा कालवा, आणि मग सगळा पडदा भरून हलीमोचं तोंड. ती भराभर बोलत होती.

"अकरा शेळ्या आणल्यात तिनं," फराह ओरडून सांगत होता. "एकही मेली नाही. पण आल्यापासून भिंतीवर फिरतीय. विचारते, माझा दगड कुठाय? इथं कुणालाच माहीत नाही. तूच बसवलास."

फराहनं फोन भिंतीवरून फिरवला. लिंगाप्पानं डोळे ताणून बघितलं. त्यानं सोडलेल्या टोकाच्या पुढं चाळीस पावलं भिंत वाढली होती, वर काँक्रीट ओतलं होतं. पांढरी शीर कुठंच दिसेना. एखाद्या दगडाकडं बोट करून 'हाच' म्हणणं सोपं होतं. रूपानंही हळूच तेच सुचवलं.

"न्हाई," तो म्हणाला. "तिला खरं सांग, फराह. दिसत न्हाई. खाली हाय. वरचे सगळे त्याच्यावर बसलेत."

फराहनं सांगितलं. मग हलीमोनं काही विचारलं.

"म्हणते, तू का आला नाहीस?"

"आई आजारी होती म्हणाव. आता वारली."

हलीमोनं कपाळाला हात लावला. मग मागून कुणीतरी हाक मारली, तिच्या शेळ्यांचा नंबर लागला होता, आणि ती वळून गेली.

त्या वर्षी लिंगाप्पानं फराहकडं काम मागितलं. फराह जरा अवघडला. भिंत वाढवायचं काम आहे, म्हणाला, पण मशीन आता आमचीच माणसं चालवतात. तूच शिकवलेला एकजण मुख्य आहे. लिंगाप्पाला त्याचं बरंही वाटलं आणि दिवसभर जेवणही गेलं नाही.

"अजून तिकडंच जीव हाय व्हय तुमचा?" रूपानं विचारलं.

"न्हाई गं." मग थोड्या वेळानं, "व्हय."

"मग कामासाठीच कामून जायाचं? पाव्हणं म्हणून जाऊ. मला बी दावा समुद्र."

दोघांनी फोटो काढले, कागद जमवले, दोनदा कलबुर्गीला खेटे घातले. पासपोर्ट आले. ते आता कपाटात रूपाच्या लग्नातल्या शालूखाली आहेत. जाणं काही अजून झालेलं नाही. यंदा घराचा पत्रा बदलायचा होता, गेल्या साली रूपाच्या गुडघ्याचं दुखणं निघालं.

लिंगाप्पाला तिकडचं वारं मात्र ठाऊक आहे. आपल्याकडं मृग निघाला की तिकडं दर्या खवळतो, आणि पुढचे तीन-चार महिने त्या धक्क्याला जहाज लागत नाही. त्या दिवसांत तो फोनवर शेळ्यांचं विचारत नाही. दसरा झाला की विचारायला लागतो.

परवाच्या शुक्रवारी फराह म्हणाला, समुद्र शांत झालाय, पहिलं जहाज दुपारी येईल. लिंगाप्पा कामावरून लवकर घरी आला आणि अंगणात बाजेवर बसला.

"या टायमाला शेळ्या चढायल्या असतील," तो म्हणाला.

"चढू द्या की," रूपा ताट मांडत म्हणाली. "तुमी हात धुवा."

तो उठला, पण हात धुवायला गेला नाही. पश्चिमेकडं तोंड करून उभा राहिला. समोर कापणीला आलेलं सोयाबीन होतं आणि त्याच्या पल्याड हुमनाबादचा रस्ता.