बेलवलीचे रविवार

माझी मावशी हीच माझी काकूही होती. नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात वाढलेल्या दोन बहिणी दोन सख्ख्या भावांना दिलेल्या. थोरली थोरल्याला, धाकटी धाकट्याला. दोघं भाऊ अंबरनाथला कारखान्यात लागले आणि दोघी बहिणी पाठोपाठ आल्या. आम्ही अंबरनाथ पूर्वेला एका चाळीत राहायचो, काका-मावशी दोन गल्ल्या सोडून.

काका प्यायचा. प्यायला की मारायचा. मी शाळेत असतानाची गोष्ट. एका दुपारी मावशी आमच्या दारात आली. पोटुशी होती, दिवस भरत आलेले. साडी खालून रक्तानं पार भिजलेली. आईनं तिला आत घेतलं, मला शेजारच्या खोलीत पाठवलं आणि दार लावून घेतलं. मूल वाचलं नाही. आईनं ती फरशी किती वेळा धुतली ते मी पाहिलंय. पुढे मावशीला नगरला माहेरी पाठवलं. ती तिथे नुसती बसून असायची. काही वर्षांत गेलीच. डॉक्टर क्षय म्हणाले. आई म्हणाली, "क्षय नाही, माझ्या बहिणीला ह्यानं मारलं."

आमच्या ख्रिस्ती मंडळीनं काकाला काढून टाकलं. प्रभूभोजनाची भाकर आणि द्राक्षरस बंद, देवळात येणं बंद. पप्पा तेव्हा पंचांमध्ये होते. सख्ख्या भावाविरुद्ध त्यांनीच पहिला हात वर केला. त्यानंतर काका कुठे गेला, जगला की मेला, आमच्या घरात कुणी विचारलं नाही.

आईचा रविवार म्हणजे काय हे आमच्या चाळीतल्या हिंदू बायकांनाही ठाऊक होतं. ती उल्हासनगरला एका सिंधी बाईच्या कारखान्यात शर्टाच्या कॉलरी शिवायची. सोमवार ते शनिवार मान मोडून काम. शनिवारी संध्याकाळी रविवारचा स्वयंपाक उरकायचा, म्हणजे सकाळी चूल नको, घाई नको. पांढरी, खळ घातलेली साडी. पहिल्या घंटेच्या आधी आम्ही जागेवर. प्रभूभोजनाच्या मेजावरची चादर तीच धुवायची, तीच इस्त्री करायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. उपासनेला उशिरा येणाऱ्यांकडे ती अशी बघायची की माणूस मागच्या बाकावर अंग चोरून बसे. मी गायनमंडळात होते. माझा सूर चुकला तर तो तिला पहिला कळायचा.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, मी शिक्षण संपवून एका कंपनीच्या ऑफिसात टायपिस्ट लागले होते तेव्हा, मंडळीतल्या एका गृहस्थांनी पप्पांना बाजूला घेऊन सांगितलं, "तुमचा भाऊ बदलापूरला आहे. बेलवलीत, एका शेतकऱ्याच्या गोठ्याला लागून खोली आहे तिथे. तोंड सडलंय त्याचं. जाऊन या."

पप्पा गेले. परत आले ते सरळ चाळीच्या नळावर जाऊन बसले. तोंडावर पाणी मारत राहिले. आई दारात उभी.

"आहे?" तिनं विचारलं.

"आहे."

"बोललात?"

"आत नाही गेलो. दारापर्यंत गेलो. वास..." आणि त्यांना तिथेच उलटी झाली.

पुढच्या रविवारी आईनं साडी नेसली, मला म्हणाली, "चल." मी गीतांचं पुस्तक घेतलं. ती देवळाच्या बाजूला वळलीच नाही, स्टेशनाकडे चालू लागली. मी विचारलं, उपासना? तर म्हणाली, "आज तिकडे."

तेव्हा बेलवली म्हणजे भातशेती आणि मधूनमधून घरं. गोठ्याशेजारी पत्र्याची खोली होती. दाराशी पाण्याचा तांब्या झाकून ठेवलेला. घरमालकीण म्हातारी होती, डोक्यावर पदर ओढून दुरूनच म्हणाली, "आत नका जाव पोरीला घेऊन." आई दारात उभी राहिली. मी तिच्या खांद्यावरून पाहिलं.

काका भिंतीला टेकून बसला होता. गालाला भोक पडलेलं, आतले दात दिसत होते. तंबाखूचा कॅन्सर. जखमेवर कसलंसं फडकं, आणि फडक्याखाली हालचाल. मला आधी कळलंच नाही काय हलतंय. मग कळलं, अळ्या होत्या. त्यानं आम्हाला ओळखलं. डोळे मोठे झाले. आई बराच वेळ तशीच उभी होती. तिचा चेहरा मला दिसत नव्हता.

ती का गेली होती, हे तिनं मला नंतर सांगितलं. "त्याला सडताना बघायला गेले होते मी. वाटलं, एकदा बघते आणि घरी जाऊन झोपते."

पण त्या दिवशी ती दारातून मागे वळली ती म्हातारीकडे. "चूल पेटलीय का? मला पाणी उकळून द्या. मीठ द्या मूठभर."

म्हातारी म्हणाली, "कोन लागतो तुमचा?"

आईनं पदर खोचला. "दीर," म्हणाली. दुसरं नातं तिनं सांगितलं नाही.

कंपाउंडरकडून टर्पेंटाइन आणि चिमटा आणायला तिनं मला पाठवलं. मी आले तेव्हा तिनं पदर नाकाला गुंडाळून खोली झाडली होती. टर्पेंटाइनचा बोळा लावला की अळ्या बाहेर यायच्या, ती चिमट्यानं काढून डब्यात टाकायची. काका घशातून गुरासारखा आवाज काढत होता. मी डबा धरून दुसरीकडे बघत उभी होते. आई मला म्हणाली, "नीट धर." बस, एवढंच. देवाचं नाव नाही, प्रार्थना नाही. देवळात त्या वेळी प्रवचन सुरू झालं असेल.

मग आम्ही त्याला उल्हासनगरच्या सरकारी दवाखान्यात नेलं, तिथून मुंबईला. सगळीकडे एकच सांगितलं: उशीर झाला, घरी न्या. पप्पा म्हणाले, आपल्याकडे आणू या का. आई म्हणाली, "माझ्या घरात नाही. तिचं रक्त सांडलंय त्या फरशीवर. तिथे ह्याला निजवणार नाही."

तर काका बेलवलीलाच राहिला. आठवडाभर म्हातारी त्याला पेज द्यायची. पप्पा ड्यूटीवरून सुटले की दूध आणि औषध उंबऱ्यावर ठेवून यायचे, आत कधीच गेले नाहीत. आणि रविवारी, आईला जो एकच दिवस मोकळा होता त्या दिवशी, आम्ही दोघी. ती जखम धुवायची, अंग पुसायची, खालचं काढायची. बांधायला मऊ कापड लागायचं. कारखान्याच्या सिंधी मालकिणीनं विचारलं, रोज चिंध्या कशाला नेतेस? आईनं सांगितल्यापासून ती शनिवारी स्वतःच कॉटनच्या कटपिसांचं गाठोडं बांधून ठेवायला लागली. "उबाल के लेना," म्हणायची.

आईच्या हाताला माया नव्हती, हे मला लिहिलंच पाहिजे. ती त्याला कधी थोपटत नसे. त्याच्या डोळ्यांत बघत नसे. एकदा त्यानं तिचं मनगट धरलं आणि काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. शब्द फुटेनात, नुसती फेसाळ लाळ. आईनं मनगट सोडवून घेतलं. "भाऊजी, माझ्याकडे नका मागू काही. जिच्याकडे मागायचं होतं ती गेली." आणि पट्टी बांधायला घेतली. पट्टी मात्र अशी बांधली की कुठे रुतू नये.

इकडे मंडळीत कुजबुज सुरू झाली. पंचाची बायको रविवार चुकवते. मेजावरची चादर दुसऱ्या बाईकडे गेली. नाताळ जवळ आला होता आणि मी गायनाच्या सरावालाही नव्हते. कुणी म्हणालं, दया ठीक आहे, पण देवाचा दिवस देवाला. आईला हे टोचलं. इतकी वर्षं ती स्वतः हेच बोलत आली होती.

एका संध्याकाळी आमच्या देवळाचे पाळकसाहेब घरी आले. वयस्कर, थकलेले, भला माणूस. चहा झाला. आई त्यांना म्हणाली, "साहेब, एक मागणं आहे. भाऊजी फार दिवस काढत नाहीत. त्यांना प्रभूभोजन द्या. एक थेंब ओठाला लावला तरी चालेल."

पाळकसाहेबांनी कप खाली ठेवला. "त्यांना मंडळीनं काढलंय, बाई. परत घ्यायचं तर मंडळीपुढे कबुली हवी."

"जबडा राहिला नाही त्यांचा. कबुली कशानं देणार?"

"ते मला समजतं." ते म्हणाले. "मग असं करू. त्यांच्याजवळ तुम्हीच आहात. तुमच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. तुम्ही मला सांगा, त्यांना पश्चात्ताप झालाय? तुम्ही सांगितलंत की मला पुरे. पंचांना मी बघतो."

पप्पा आईकडे बघत होते. मीही. मला वाटलं, आता ती हो म्हणेल. कुणीही म्हणालं असतं.

"मला नाही दिसला," आई म्हणाली.

"बाई—"

"वेदना दिसते. भीती दिसते. त्या दिवशी काही बोलायला बघत होते, पण मीच बोलू दिलं नाही. ते काय होतं मला माहीत नाही. नाही ते आहे असं कसं सांगू? आणि तेही प्रभूच्या मेजासाठी?"

पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "तुम्ही हो म्हणाला असतात तर मी आत्ता निघालो असतो."

"माहीत आहे, साहेब."

ते गेल्यावर पप्पा पहिल्यांदा तिच्यावर ओरडले. "एक शब्द! एका शब्दानं काय बिघडलं असतं तुझं?" आई भाजी निवडत बसली होती. ती म्हणाली, "तुमचा भाऊ आहे. तुम्ही आत जा. डोळ्यांत बघून या आणि तुम्ही सांगा साहेबांना." पप्पा गेले नाहीत. त्यांच्यानं ते झालं नाही, त्या दिवशीही नाही आणि पुढेही नाही.

मी तिला दुसऱ्या दिवशी विचारलं. मला समजतच नव्हतं. ज्या माणसासाठी एक खोटा शब्द बोलत नाही, त्याची घाण काढायला जाते. "आई, तू त्याला क्षमा केलीस का?"

"नाही."

"मग हे कशासाठी?"

ती शिवणकामानं वाकडी झालेली बोटं चोळत होती. "पहिल्या दिवशी दारात उभी होते ना, तेव्हा प्रभूला म्हटलं, क्षमा करायचं मन माझ्याकडे नाही. शोधलं, नाही सापडलं. हात आहेत तेवढे घे." मग म्हणाली, "देवळात इतकी वर्षं गाणी म्हटली. त्यातलं खरं माझं किती होतं कोण जाणे. हे तरी माझं आहे. मला नको असताना दिलेलं आहे."

काका नाताळाआधीच्या रविवारी गेला. सकाळी आम्ही पोचलो तेव्हा श्वास घरघरत होता. आईनं तोंड पुसलं, ओला बोळा ओठांना लावला. त्यानं तिच्याकडे पाहिलं की वर पत्र्याकडे, मला सांगता येणार नाही. शेवट शांत नव्हता. जखमेतून रक्त सुटलं, आई दोन्ही हातांनी कापड दाबून धरत राहिली आणि ते थांबेना. मग सगळं थांबलं. म्हातारी दारात येऊन उभी राहिली. "सुटला गं बिचारा," म्हणाली. आईनं त्याला आंघोळ घातली. हात धुतले. आणि भिंतीला टेकून बसली, तो बसायचा तिथेच. मला वाटलं रडेल. ती झोपली. बसल्या जागी, तोंड उघडं टाकून, दमलेल्या माणसासारखी.

दफनभूमीत कोपऱ्यातली जागा मिळाली, तीही पप्पांनी पंचपद सोडतो म्हटल्यावर. मंडळीनं काढलेल्या माणसाचा विधी पाळकसाहेबांना करता येत नव्हता. ते आले ते झगा न घालता, साध्या शर्टात, आणि सगळ्यांच्या मागे उभे राहिले. प्रार्थना कुणी करायची हे कुणालाच कळेना. शेवटी पप्पांनी प्रभूची प्रार्थना सुरू केली. 'आम्ही इतरांना केली तशी आम्हाला क्षमा कर', या अर्थाच्या ओळीपाशी आले आणि थांबले. आम्ही बाकीच्यांनी ती ओळ म्हटली. आईचे ओठ बंद होते. मग पाळकसाहेब पुढे आले, खाली वाकले आणि इतरांसारखी मूठभर माती टाकून निघून गेले.

आई पुन्हा देवळात जाऊ लागली. वेळेवर, तिच्याच बाकावर. पण उशिरा येणाऱ्यांकडे वळून बघणं तिनं सोडलं. गीत सुरू झालं की ती उभी राहायची, गायची नाही. हे वर्षभर तरी चाललं असेल. एखादी ओळ म्हणायला लागली की मध्येच थांबायची, जणू हे आपल्याला म्हणता येईल का, असं तपासून बघत होती.

नव्वद सालानंतर, माझं लग्न झाल्यावर, ती एकटीच नगरला गेली. पप्पांना नेलं नाही. मावशीच्या कबरीवर जाऊन आली. ती परत आली तेव्हा मी तिला स्टेशनवर घ्यायला गेले होते, वाटेत विचारलं, एवढ्या लांब कशाला गेलीस उन्हाची?

"तिला सांगून आले."

"काय?"

"की मी त्याचं सगळं केलं. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं." थोडं चालल्यावर ती म्हणाली, "म्हटलं, तुला राग आला असेल तर तो बरोबरच आहे. पण मी ते तुझ्यासाठी केलं नाही, त्याच्यासाठीही नाही. आणि ज्या प्रभूसाठी केलं त्यालाही, बाई, मी रागानंच दिलं. त्यानं ते घेतलं की नाही, ते अजून मला कळलेलं नाही."